समजावू नका, वाजवा

१९३७ साली व्हिएन्नात पीटर श्टाडलेन हा तरुण पियानोवादक संगीतकार आंटोन वेबर्न याच्याकडे काही आठवडे तालमीसाठी जात होता. वेबर्नच्या ‘पियानोसाठी व्हेरिएशन्स’ या ओपस २७ (म्हणजे २७व्या क्रमांकाच्या) रचनेचे पहिले जाहीर वादन त्याला करायचे होते. रचना जेमतेम सहा-सात मिनिटांची, पण कागदावर कमालीची काटेकोर. बाराच्या बारा स्वरांचा एक क्रम आधी ठरवायचा, तो सरळ, उलटा, आरशात धरल्यासारखा फिरवायचा आणि अख्खी रचना त्यातूनच उभी करायची, असे तिचे तंत्र. श्टाडलेनने पुढे लिहून ठेवले आहे की या तालमींत वेबर्न त्या क्रमाबद्दल काही बोललाच नाही. तो गायचा, ओरडायचा, हातवारे करायचा, पाय आपटायचा. पानावर तुरळक विखुरलेल्या त्या स्वरांना तो धबधबा असल्यासारखे वागवायचा. श्टाडलेनने आपणहून क्रमाचा विषय काढला तेव्हा त्याने तो बाजूला सारला. हे वाजवायचे कसे ते तुला कळले पाहिजे, बनवले कसे याच्याशी तुला काय करायचे, असा त्याचा रोख होता.

पुढच्या पिढ्यांनी नेमके उलटे केले. ओपस २७ विश्लेषकांच्या हाती पडली आणि तिथेच राहिली. तिचा दुसरा भाग तर त्यांचा विशेष लाडका, कारण मधल्या ‘सी’च्या वर असलेल्या ‘ए’ या स्वराभोवती त्यातले सगळे स्वर तराजूत तोलल्यासारखे दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पडतात. ही आकृती पाठ्यपुस्तकांतून पुन्हा पुन्हा छापली जाते. तिच्यात एक गोष्ट मात्र दिसत नाही. हा भाग मिनिटभरही चालत नाही आणि वाजवताना दोन्ही हात एकमेकांवरून सतत उड्या मारत असतात. डावा उजव्याच्या पलीकडे जातो, उजवा डाव्याच्या, मनगटे एकमेकांना आपटतात आणि वादकाची पार त्रेधा उडते. ही त्रेधा हाच त्या तुकड्यातला विनोद आहे. खुद्द वेबर्नला त्यात बाखच्या बी मायनर सूटमधली, म्हणजे नाचांच्या मालिकेतली, ‘बादिनरी’ आठवायची, म्हणजे चक्क एक थट्टेखोर, चपळ नाच. आरशाची आकृती बघून हे कोण ओळखणार?

अटोनल संगीत, म्हणजे वेबर्नच्या या रचनेसारखे कोणत्याही एका स्वराला मुख्य न मानणारे संगीत, लोकांपर्यंत पोहोचले नाही याची दोन कारणे नेहमी ऐकू येतात. विरोधक म्हणतात, ते मुळातच कानाच्या प्रकृतीविरुद्ध आहे. समर्थक म्हणतात, लोकांची तयारी कमी पडते. मला दोन्ही पटत नाहीत. या संगीताला सर्वांत जास्त मारले ते त्याच्या समर्थकांनी. त्यांनी ते ऐकण्याची आणि वाजवण्याची गोष्ट राहू दिली नाही, ती बुद्धीची परीक्षा करून टाकली. परीक्षेला कोण आनंदाने जातो? संगीतशाळा, सभागृहे आणि सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या संस्था यांनी हे संगीत समजावून सांगण्यावरचा जोर काढून घ्यावा आणि ते हातात देण्यावर घालावा, असे माझे मत आहे. लहान तुकडे, लवकरच्या वयात, पुन्हा पुन्हा.

विरोधकांचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. आपण ज्या पियानोसंगीताला सरावलो आहोत, मोझार्टपासून चित्रपटातल्या गाण्यापर्यंत, त्यात एक स्वर घर असतो. आपल्या भाषेत बोलायचे तर षड्ज. बाकीचे स्वर त्याच्यापासून दूर जातात, ताण निर्माण करतात, परत येतात. ऐकणाऱ्याला सिद्धांताचा गंध नसला तरी आता संपत आले, हे त्याला कळते. अटोनल संगीत हे घर काढून घेते. मग विरोधक म्हणतात, घर ही मानवी सोय नव्हे, निसर्गाचीच व्यवस्था आहे. कोणतीही तार छेडली की तिच्या मूळ स्वरासोबत इतर स्वयंभू स्वर उमटतात, त्यातूनच मेजर कॉर्ड (तीन स्वरांचा सुरेल मेळ) जन्मते, आणि हे नाकारणे म्हणजे गुरुत्वाकर्षण नाकारणे.

पियानोच्या बाबतीत हा युक्तिवाद जरा अवघड जागी सापडतो. पियानो हे वाद्यच निसर्गाशी तडजोड करून बनले आहे. सगळे अर्धस्वर सारख्या अंतरावर बसवण्यासाठी त्याचे जवळजवळ प्रत्येक स्वरांतर थोडे थोडे बिघडवलेले असते. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे, म्हणजे अर्धस्वराचे, शंभर भाग केले, तर पियानोवरचा मेजर थर्ड (आपले सा ते शुद्ध ग हे अंतर) शुद्ध अंतरापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो. विरोधक ज्या नैसर्गिक गोडव्याची ग्वाही देतात, तो या वाद्यावर रोज खोटा वाजतो आणि कोणी तक्रार करत नाही. बाराही स्वरांना समान अंतरावर बसवणाऱ्या वाद्यासाठी बाराही स्वरांना समान हक्क देणारे संगीत लिहिले गेले, यात अनैसर्गिक ते काय?

तरीही मुद्दा पुरता खोडला जात नाही. कानाचे सोडा, स्मृतीला परतीच्या जागा लागतात. काय आले, काय पुन्हा आले, काय बदलून आले हे पकडता आले नाही, तर दहाव्या मिनिटाला लक्ष उडते आणि त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. चांगली अटोनल रचना या जागा दुसरीकडे तयार करते. एखादा ठरावीक हावभाव, एखादी उंची, एखादी घनता, पेडलमध्ये तरंगणारा एखादा संघात (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट), शांततेची विशिष्ट लांबी. वाईट रचना त्या तयार करत नाही आणि ऐकणाऱ्यालाच अडाणी ठरवते. वाईट रचना पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे येतोच.

आता समर्थकांकडे वळू. त्यांचा सर्वांत आवडता युक्तिवाद इतिहासाचा. लिस्टने १८८५ साली ‘बागातेल सां तोनालिते’ (घर नसलेला छोटा तुकडा) लिहिलाच होता, मग १९०९ मध्ये वेबर्नचा गुरू आणि बारा-स्वरी पद्धतीचा जनक आर्नोल्ड शोनबर्ग याचे ओपस ११ आले, आणि १९१४ मध्ये रशियन स्क्रियाबिनच्या शेवटच्या प्रेल्यूड्समध्येही घर जवळपास दिसेनासे झाले. म्हणजे नदी समुद्राकडेच चालली होती, असे चित्र रंगवायचे. १९५२ साली फ्रेंच संगीतकार पिएर बूलेझने तर लिहून टाकले की बारा-स्वरी भाषेची गरज ज्याला जाणवलीच नाही असा संगीतकार निरुपयोगी आहे. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्या वयात माणसे असे बोलतात. दुःख याचे की ते वाक्य पुढे अनेकांनी साठीतही वापरले. इतिहासाची अपरिहार्यता हे पाच मिनिटे खुर्चीत बसून राहण्याचेही पुरेसे कारण नाही. आणि ज्याच्या नावाने हा सगळा इतिहास सांगतात तो शोनबर्ग १९३४ मध्ये तंतुवाद्यांसाठी चक्क जी मेजरमधला, म्हणजे घर असलेला, सूट लिहीत होता. नदीला हे कोणी कळवले नसावे.

दुसरा युक्तिवाद नैतिक. नाझींनी १९३८ मध्ये ड्युसेलडॉर्फला ‘अधःपतित संगीता’चे प्रदर्शन भरवून या संगीतकारांना बदनाम केले. सोव्हिएत पक्षाने १९४८ मध्ये ‘फॉर्मॅलिझम’चा, म्हणजे आशय सोडून रूपाचाच खेळ केल्याचा, शिक्का मारून जे काही आधुनिक होते त्याला झोडपले. हे सगळे खरे आहे आणि शोनबर्गला १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली, हेही खरे. पण हुकूमशहांनी नाकारले म्हणून एखादी रचना ऐकण्याजोगी ठरत नाही. युद्धानंतरच्या पश्चिम युरोपात नव्या संगीताला जो पैसा आणि जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यामागे हा अपराधभाव बराच होता. त्यातून जर्मनीतल्या डार्मश्टाटची नव्या संगीताची उन्हाळी शिबिरे निघाली, नभोवाणी केंद्रांनी रचना लिहवून घेतल्या, आणि थोर कामही झाले. पण श्रोत्याशी भांडण मिटवण्याची निकड मात्र त्यामुळे कोणालाच उरली नाही.

तिसरा युक्तिवाद तज्ज्ञतेचा आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. १९५८ मध्ये संगीतकार मिल्टन बॅबिटचा एक लेख अमेरिकेतल्या ‘हाय फिडेलिटी’ मासिकात छापून आला. त्याचे म्हणणे असे की प्रगत गणित सामान्य माणसाला कळत नाही म्हणून कोणी गणितज्ञाला दोष देत नाही, तर संगीतकारालाच का द्यावा? त्यानेही विद्यापीठाच्या आसऱ्याला राहून आपल्या बरोबरीच्यांसाठी लिहावे. ‘तुम्ही ऐकलेत काय, न ऐकलेत काय’ अशा अर्थाचे जे शीर्षक त्या लेखाला चिकटले ते संपादकांनी दिलेले, बॅबिटचे नव्हे, आणि त्याचा त्याला जन्मभर त्रास झाला. पण शीर्षक बदलले तरी युक्तिवाद तोच राहतो. गणिताची सिद्धता चुकली तर दुसरा गणितज्ञ ती खोडू शकतो. रचना कंटाळवाणी असेल तर ती कोण खोडणार? कंटाळा आलेला श्रोताच. त्याला खोलीबाहेर काढले की चूक दाखवणारा कोणी उरत नाही.

शोनबर्गचे ओपस १९ म्हणजे ‘सहा छोटे पियानो तुकडे’. त्यातले पाच त्याने १९ फेब्रुवारी १९११ या एकाच दिवशी लिहिले आणि सहावा जूनमध्ये, गुस्ताव माहलरच्या मृत्यूनंतर. सहाही मिळून पाच-सहा मिनिटांत आटोपतात. बहुतेक तुकड्यांना वेग, ताकद, मोठा पंजा यांपैकी काहीही लागत नाही. चार-पाच वर्षे नेटाने शिकलेला हौशी वादक यातले निम्मे तरी वाजवू शकतो. माझी तक्रार ही की त्याला ते कोणी वाजवायला देत नाही. त्याला पन्नासावी सोनातिना, म्हणजे शिकाऊंसाठीचा छोटा सोनाटा, देतात.

दुसरा तुकडा घ्या. नऊ मापांचा. सुरुवातीपासून ‘जी’ आणि ‘बी’ हे दोन स्वर एकत्र, तुटक आणि हलके वाजतात, थांबतात, पुन्हा वाजतात. दारावर कोणीतरी संकोचून टकटक करावी तसे. त्यांच्याभोवती एक तिरपागडी सुरावट येते, वर जाते, विरते. टकटक चालूच. हे दोन स्वर प्रत्येक वेळी त्याच वजनाने वाजवणे, म्हणजे पट्टी तितकीच खोल जाईल आणि तितक्याच वेगाने सुटेल असे वाजवणे, हे हौशी हाताला फार कठीण जाते. पहिल्या आठवड्यात ते एकसारखे येत नाहीत. आणि एकसारखे आले नाहीत की तुकडा कोसळतो, हे कोणी न सांगता वादकाला कळते. याला मी समज म्हणतो. स्वरक्रमाचा तक्ता न बघता आलेली समज. गंमत म्हणजे या ‘घर नसलेल्या’ तुकड्यात ते दोन स्वर कानाला हळूहळू घरासारखे वाटू लागतात. अटोनल हे लेबल शोनबर्गला स्वतःला आवडत नव्हते ते उगीच नाही.

सहावा तुकडाही नऊ मापांचा. उजव्या हातात तीन स्वरांचा एक संघात, डाव्या हातात तीन स्वरांचा दुसरा, एकामागून एक, घंटेसारखे आणि जवळजवळ कुजबुजत. पहिला संघात धरून ठेवलेला असतानाच दुसरा येतो. तो नेमक्या किती आवाजात आला तर पहिल्याला झाकणार नाही? याचे उत्तर कागदावर नाही. ते त्या खोलीत, त्या पियानोवर, त्या दिवशी शोधावे लागते. शेवटच्या मापावर शोनबर्गने ‘श्वासासारखे’ असे लिहिले आहे आणि आवाजाची खूण चार ‘पी’ची, म्हणजे अत्यंत हळू. चार ‘पी’ वाजवताना पट्टी थोडी जरी कमी दाबली गेली तर हातोडी तारेपर्यंत पोहोचतच नाही आणि स्वर उमटतच नाही. म्हणजे वादक स्वर आणि मौन यांच्यामधल्या मिलिमीटरभर जागेत काम करत असतो. शोपँच्या एखाद्या नॉक्टर्नमध्येही हे कौशल्य लागते, पण तिथे सुरावट हात देते, चूक झाकते. इथे झाकायला काही नाही.

ओपस ११ मधल्या पहिल्या तुकड्यात याहून नवलाची गोष्ट आहे. वादकाने काही पट्ट्या आवाज न करता दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हाताने खालचे स्वर वाजवायचे. दाबलेल्या पट्ट्यांच्या तारांवरचा नमदा उचलला गेलेला असतो, त्यामुळे त्या तारा मोकळ्या असतात आणि दुसऱ्या स्वरांच्या कंपनाने आपोआप थरथरू लागतात. न वाजवलेल्या तारांतून एक झिरझिरीत आवाज येतो. पियानोच्या पोटात काय चालते हे विद्यार्थ्याला शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही, आणि तो १९०९ पासून उपलब्ध आहे. (साध्या डिजिटल पियानोवर यातले काही होत नाही, महागड्या वाद्यांत त्याची नक्कल घातलेली असते, ती नक्कलच.)

‘हे तर कोणीही वाजवेल, मांजर चालली तरी असेच वाजेल’ हा विनोद ज्यांना सुचतो, त्यांच्यासाठी एक साधी चाचणी आहे. यातला कोणताही एक तुकडा पाठ होईपर्यंत वाजवा. मग मुद्दाम एक स्वर बदलून वाजवा. तो खटकला तर कानाने तिथे काही व्यवस्था ओळखली आहे. आणि तो खटकतोच. मांजरीच्या चालीत चुकीचा स्वर नसतो.

चाचणीचा निकाल दरवेळी संगीतकाराच्या बाजूनेच लागेल असे मात्र नाही. बूलेझच्या ‘स्त्रुक्त्यूर’ पहिल्या खंडातला पहिला भाग (१९५१, दोन पियानोंसाठी) घ्या. त्यात स्वर, लांबी, आवाजाचे मान, आघाताची तऱ्हा हे सगळेच आधी ठरवलेल्या क्रमांवर सोपवले आहे. त्यात एक स्वर बदलला तर खुद्द त्या पिढीतल्या किती श्रोत्यांना कळले असते, याची मला शंका आहे. हंगेरियन संगीतकार जॉर्जी लिगेटीने पुढे या भागाचे तपशीलवार विच्छेदन करून त्यात संगीतकार कुठे निवड करतो आणि यंत्र कुठे चालते हे दाखवून दिले. या सगळ्याची ठिणगी पडली ती बूलेझचा गुरू मेसियाँ याच्या १९४९ च्या एका पियानो तुकड्यातून. त्यात ३६ स्वर, २४ लांब्या, १२ प्रकारचे आघात आणि आवाजाच्या ७ पायऱ्या, आणि प्रत्येक स्वराला त्याची त्याची कायमची पायरी नेमून दिलेली. सात पायऱ्या प्रत्येक स्वराला बिनचूक लावणारा हात आणि त्या सातही वेगळ्या ऐकणारा कान, दोन्ही दुर्मिळ. मेसियाँनेही पुढे या तुकड्याला फारसे महत्त्व दिले नाही. शिष्यांनी मात्र त्याचा धर्म केला. नाणी उडवून स्वर ठरवलेले अमेरिकन संगीतकार जॉन केजचे ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ मला आदराने ऐकता येते, प्रेमाने नाही. उलट त्याच्याच देशातल्या मॉर्टन फेल्डमनचा ‘पाले द मारी’ हा पंचवीसएक मिनिटांचा, जवळजवळ सगळा हळू आवाजातला तुकडा मी केव्हाही ऐकेन. त्यातही घर नाही. पण तो तेच तेच दोन-चार आकार पुन्हा पुन्हा उचलून वेगळ्या उजेडात ठेवतो आणि स्मृतीला काम देतो.

जर्मन संगीतकार श्टोकहाउझेनच्या नवव्या ‘क्लाविअरश्टुक’ची (पियानो तुकड्याची) सुरुवात तर या बाबतीत टोकाची. चार स्वरांचा एकच संघात शंभराहून अधिक वेळा, जोरकस सुरुवात करून हळूहळू विझत जाणारा. ऐकून चिडणारे पुष्कळ भेटतात. वाजवून चिडणारा विरळा. कारण आवाज उतरत जातो तसे चारही स्वर एका वेळी सारखे उमटणे बोटांना अशक्य होत जाते. कधी हा स्वर मागे राहतो, कधी तो पुढे येतो, आणि एकाच संघाताच्या आत जणू एक सुरावट हलू लागते. ती लिहिलेली नाही. ती हाताच्या अपुरेपणातून जन्मते.

म्हणून मी शिक्षणापासून सुरुवात करा म्हणतो. हा विचार नवा नाही आणि तो मांडणारे साधे लोक नव्हते. हंगेरीच्या जॉर्जी कुर्टागने १९७३ पासून ‘याटेकोक’, म्हणजे ‘खेळ’, नावाचे पियानो तुकडे लिहायला घेतले ते मुलांसाठी. त्यामागची कल्पना अशी की मुलाने पहिल्याच दिवशी एकेक पट्टी चाचपत, ताल मोजत बसू नये. त्याने अख्ख्या पियानोवर धावावे. तळहाताने, मुठीने, कोपरापर्यंतच्या हाताने वाजवावे. त्यात चायकोव्हस्कीला वाहिलेला एक तुकडा आहे; त्याच्या प्रसिद्ध कॉन्चेर्टोची ती गडगडाटी सुरुवात इथे मूल दोन्ही तळहातांनी करते. हसू येते, आणि हसता हसता वजन खांद्यातून कसे सोडायचे हे शिकून होते. जर्मन संगीतकार हेल्मुट लाखेनमानच्या १९८० च्या ‘आइन किंडरश्पील’मध्ये (म्हणजे पोरखेळात) सात तुकडे आहेत. पहिल्यात एका जर्मन बालगीताचा फक्त ताल ठेवून सगळ्यात वरच्या पट्टीपासून सगळ्यात खालच्या पट्टीपर्यंत अर्धस्वरांनी उतरत जायचे. शेवटचा तुकडा तर सगळ्यात वरच्या दोनच पट्ट्यांवर. तिथे स्वरापेक्षा लाकडाची ठकठक जास्त ऐकू येते आणि तीच ऐकायची असते. लिगेटीच्या ‘मुझिका रिचेरकाता’तला पहिला तुकडा ‘ए’ या एकाच स्वराच्या वेगवेगळ्या सप्तकांवर चालतो आणि शेवटच्या क्षणी ‘डी’ येतो. सोफिया गुबाइदुलिनाने मुलांसाठी ‘संगीत खेळणी’ लिहिली १९६९ मध्ये. म्हणजे साहित्य भरपूर आहे, अर्ध्या शतकाचे आहे, उत्तम आहे. ते परीक्षांच्या अभ्यासक्रमात दिसलेच तर ‘पर्यायी’ यादीच्या तळाशी, आणि शिक्षक तो पर्याय सहसा निवडत नाहीत, कारण त्यांनाही तो कधी कोणी दिला नव्हता.

शिक्षकांची एक भीती मी समजू शकतो: कान तयार होण्याआधी हे दिले तर मुलाचा सूर बिघडेल. पण ज्याला ‘डी मेजर’ कळायचा आहे त्याला तो कळेलच, त्याच्या कानावर चोवीस तास तेच पडते. दोन भाषा कानावर पडणारे मूल दोन्ही शिकते.

मोठ्या श्रोत्यांचे काय? त्यांच्याकडे आधीच एक सवय आहे, ती चित्रपटाने लावली. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त लिगेटीचे संगीत जगभरच्या प्रेक्षकांनी तक्रार न करता ऐकले. १९९९ च्या ‘आइज वाइड शट’मध्ये ‘मुझिका रिचेरकाता’चा दुसरा तुकडा, एकटा पियानो, सुईसारखा टोचत राहतो. हा मुद्दा समर्थक फुशारकीने सांगतात: बघा, कानाला काही अडचण नाही! अडचण नाही हे खरे. पण चित्रपटांनी या संगीताला एकच काम लावून दिले, घाबरवण्याचे. आता सामान्य माणसाला दोन तीव्र विसंवादी स्वर ऐकू आले की दाराआड कोणीतरी उभा आहे असेच वाटते. वेबर्नचा थट्टेखोर नाच त्याला कसा कळावा? भीतीखेरीज या आवाजांत विनोद आहे, आळस आहे, खोडकरपणा आहे, प्रार्थना आहे, हे त्याला दुसरीकडे कुठेतरी भेटायला हवे. केजने आपल्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’मध्ये (१९४६ ते १९४८) तारांमध्ये स्क्रू, बोल्ट आणि रबराचे तुकडे खोचून जो पियानो घडवला, त्यातून त्याला भारतीय परंपरेतले नवरस आणि त्यांचा शांताकडे असलेला ओढा दाखवायचा होता. ही रचना अटोनल म्हणावी की नाही यावर वाद घालता येईल. भयपटाची मात्र ती खात्रीने नाही.

उरला प्रश्न सभागृहांचा आणि पैशाचा. नवी रचना दोन लोकप्रिय रचनांच्या मध्ये कोंबायची, म्हणजे लोकांना पळता येत नाही, ही कार्यक्रम आखणाऱ्यांची जुनी युक्ती. ती अपमानास्पद आहे, श्रोत्यासाठी आणि रचनेसाठीही. तिच्यापेक्षा शोनबर्गनेच १९१८ मध्ये व्हिएन्नात काढलेली ‘खासगी वादनांची मंडळी’ बघा. ३१ मार्च १९१३ ला त्याच शहरात त्याने संचालन केलेल्या मैफलीत श्रोत्यांची हाणामारी झाली होती. त्या अनुभवातून तो शहाणा झाला होता. मंडळीच्या सभांना टीकाकारांना बंदी. टाळ्यांना बंदी, हुर्योलाही बंदी. आज काय वाजणार ते आधी जाहीर करायचे नाही, म्हणजे लोक नाव बघून घरी बसणार नाहीत. तालमी भरपूर. आणि अवघड रचना पुन्हा पुन्हा वाजवायच्या. यादीत फक्त आपल्या गोटातले नव्हते. देब्युसी, रेगर, स्क्रियाबिन, राव्हेल सगळे होते. मंडळी १९२१ मध्ये पैशाअभावी बंद पडली. तिचे बंदीचे नियम मला नको आहेत, टीकाकारांना हाकलणे तर मुळीच नको. पण तालीम आणि पुनरावृत्ती हे दोन नियम आजही कोणी पाळत नाही.

आज नव्या संगीतावर होणारा सार्वजनिक खर्च मोठ्या प्रमाणात पहिल्या वादनावर होतो. पहिले वादन ही बातमी असते, दुसरे नसते. त्यामुळे संगीतकार सहा महिने लिहितो, वादक दोन महिने झटतो, शे-दोनशे लोक एकदा ऐकतात आणि स्वरलिपी कपाटात जाते. एकदाच ऐकून ज्याबद्दल मत बनवणे जवळपास अशक्य, तेच संगीत एकदाच ऐकवण्याची ही व्यवस्था. तिच्यातून ‘लोकांना हे आवडत नाही’ हाच निष्कर्ष निघणार. मी निम्मा पैसा पहिल्या वादनांवरून काढून तिसऱ्या आणि चौथ्या वादनांना देईन. पियानोवादक मौरित्सिओ पोलिनी १९७० च्या दशकात वाद्यवृंद-संचालक क्लाउदिओ आबादो आणि संगीतकार लुइजी नोनो यांच्याबरोबर इटलीत कामगार आणि विद्यार्थ्यांसमोर मैफली करत होता. तो शोनबर्ग आणि बूलेझ वाजवत होता ते श्रोत्यांना उद्धरण्यासाठी नाही. ते त्याचे नेहमीचे संगीत होते, शोपँइतकेच. त्याच्या ध्वनिमुद्रणांत ते ऐकूही येते. बूलेझचा दुसरा सोनाटा, अर्धा तास चालणारा आणि हाडे खिळखिळी करणारा, तो बेटहोव्हनसारखा वाजवायचा.

यावर अवाँगार्दच्या, म्हणजे टोकाच्या प्रयोगशील कलेच्या, कट्टर पाठीराख्यांचा आक्षेप मला ऐकू येतो: तुम्ही या संगीताचे दात काढता आहात, त्याला घरगुती करता आहात, बूलेझचा तो सोनाटा कोणता हौशी वादक वाजवणार? कोणीच नाही. बेटहोव्हनचा ‘हामरक्लाविअर’ हा महाकठीण सोनाटाही कोणी हौशी वादक धड वाजवत नाही. तरी त्याला श्रोते आहेत, कारण त्यांतल्या कित्येकांनी लहानपणी बेटहोव्हनचे सोपे तुकडे अडखळत वाजवलेले असतात आणि पुढचा डोंगर किती उंच आहे ते त्यांच्या बोटांना माहीत असते. बूलेझला असा श्रोतावर्ग कोणी तयार करून दिला नाही. श्टाडलेन स्वतः पुढे टीकाकार झाला आणि बारा-स्वरी पद्धतीच्या विरोधात गेला, हे इथे सांगायला हवे. त्याने तिच्या मुळावरच शंका घेतली. तरीही वेबर्नने तालमीत त्याच्या प्रतीवर केलेल्या खुणा त्याने जपल्या आणि १९७९ मध्ये त्या छापून प्रसिद्ध केल्या: कुठे थांबायचे, कुठे उसळायचे, कोणता स्वर सुरावटीचा. पद्धतीवर विश्वास उरलेला नसतानाही वाजवण्याबद्दलचे ते ज्ञान त्याला मोलाचे वाटले. मला असे विरोधक हवेत. दोन माप वाजवून, हात पोळून घेऊन नाही म्हणणारे.

तोवर आयोजकांसाठी एक स्वस्त प्रयोग. ओपस १९ पाच-सहा मिनिटांचे आहे. ते मध्यंतराआधी एकदा वाजवा आणि मध्यंतरानंतर, न बोलता, पुन्हा एकदा. कार्यक्रमपत्रिकेत स्वरक्रम, इतिहास, क्रांती यांबद्दल एक ओळही नको. दुसऱ्यांदा ज्यांना ऐकायचे नसेल त्यांना चहा घेत बाहेर थांबता येईल, आणि किती जण थांबले ते मोजून ठेवा.